चूल जिथं, लाकूड तिथं

ग्रामपंचायत कचेरी, ब्रेवांशे
१६ सप्टेंबर २०२४

प्रति,
श्री. गेर्व्हे ग्रोपेरां
जुनी पाणचक्की, कुर्शाल

महोदय,

आपणांस कळवण्यात येते की, ब्रेवांशे गावात कपडे धुण्याच्या जुन्या हौदापाशी गावाचा भूगोल व इतिहास सांगणारा फलक उभारण्याचा ठराव पंचायतीने सहा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला आहे. (सातवे सभासद राऊल नेहमीप्रमाणे झोपले होते.)

फलकाचा मजकूर सरपंच या नात्याने मी स्वतः लिहीत आहे. त्यासाठी आपले आजोबा, म्हणजे माझेही, गावचे मास्तर कै. एमिल ग्रोपेरां यांनी लिहिलेली निळ्या पुठ्ठ्याची वही हवी आहे. गावाच्या सीमा, ओढा, जंगल, पूर, सगळं त्यांनी त्यात टिपून ठेवलं होतं. वही आईच्या कपाटात डावीकडच्या खणात होती. कपाट आपण २००६ च्या नोव्हेंबरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून नेलेत. आईनेच ‘घेऊन जा’ म्हटलं होतं, त्यामुळे त्याबद्दल पंचायतीचं काही म्हणणं नाही.

वही पंधरा दिवसांत कचेरीत पोचती करावी.

मॉरिसेत ग्रोपेरां
सरपंच

ता. क. तुझ्या धुराड्यातून सकाळी काळा धूर निघतो. ओलं लाकूड जाळतोयस. कुर्शालच्या जंगलात पॉप्लरखेरीज उगवतंय काय, म्हणा. ही ओळ पंचायतीतर्फे नाही.

*

ब्रेवांशे, २८ सप्टेंबर

गेर्व्हे,

तुझं उत्तर मिळालं. माझ्याच पत्राच्या पाठीवर, पेन्सिलीने: “वही सापडत नाही. कपाट सापडतं. कपाट देणार नाही.” अठरा वर्षांनी भावाने लिहिलेल्या या तीन ओळी मी दोनदा वाचल्या. तिसऱ्यांदा वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी वाचल्या.

टपालवाली नादेज फाटकाशी उभी राहून मला हिशेब सांगत होती. माझ्या खिडकीतून तुझं धुराडं दिसतं, अंतर नऊशे मीटर. पण पत्र आधी शहरात जातं, तिथं वेगळं केलं जातं आणि एकशे दहा किलोमीटर फिरून तिसऱ्या दिवशी तुझ्या दारात. “मादाम, त्यापेक्षा खिडकीतून हाक मारा की!” मी म्हटलं, “हाका मारून झाल्या एकदा. सगळ्या गावाने ऐकल्या.” ती गाडीत बसली. तिला सगळं ठाऊक आहे, उगाच विचारते मेली.

वही नाही तर नाही. माझं अडत नाही. भूगोल तर झालासुद्धा. क्षेत्रफळ चारशे बारा हेक्टर, त्यातलं निम्मं जंगल. लोकसंख्या चौऱ्याहत्तर. सर्वांत उंच जागा पाण्याच्या टाकीपाशी, तीनशे एक्केचाळीस मीटर. कुर्शालची तीनशे एकोणचाळीस, हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही, पण जाणाऱ्या-येणाऱ्याला कळेल अशा बेताने लिहिलं आहे. राऊल जागे झाले आणि म्हणाले की टाकीच्या झाकणापासून मोजलं तर आणखी सहा मीटर मिळतील. तेवढं बोलून पुन्हा झोपले.

इतिहासाने मात्र जीव खाल्लाय. आपल्या गावात काही घडलंच नाही रे! १६३६ साली स्वीडिश सैन्य आलं, त्याने कुर्शाल जाळलं आणि आपल्याला वळसा घालून गेलं. यात आपलं शौर्य होतं असं लिहायचा माझा विचार होता. पण तुमचे कुर्शालवाले अजून म्हणतात, ब्रेवांशेत जाळण्यासारखं होतं काय! राजा एकदा या रस्त्याने गेला, तो झोपला तुमच्याकडे. आपल्या हद्दीत त्याच्या घोड्याची नाल पडली. ती नाल कुणाला सापडली नाही, तरी मी लिहिली आहे. 

खरं तर आपल्या गावाचा इतिहास म्हणजे लाकूडवाटा. तीनशे वर्षं दर नोव्हेंबरात गावच्या जंगलातली झाडं तोडायला निघतात, त्यांचे वाटे पडतात आणि गावात ज्याची चूल पेटते त्या प्रत्येकाला एक वाटा. जुन्या आगबंबवाल्यांच्या डोक्यावरच्या पितळी टोपात चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याने त्याने उचलायची. धर्म बदलला, राजे गेले, टोप तोच. चूल जिथं, लाकूड तिथं.

आता विषय निघालाच आहे तर लिहून टाकते. तू पाणचक्की विकत घेतलीस. ती ओढ्यावर आडवी बसलेली. तुझी खाट आपल्या गावात आणि चूल ओढ्यापलीकडे कुर्शालमध्ये, बरोबर तीन मीटर. मी फीत धरून मोजलं. मोजायला नको होतं का? सरपंचाने स्वतःच्या भावाला नियम लावला नाही तर बाकी बहात्तर जणांना कोणत्या तोंडाने लावायचा? उद्या प्रत्येक जण खाट इकडे टाकून लाकूड मागायला आला असता.

मी बरोबर होते. अजूनही आहे.

मॉरिसेत

*

ब्रेवांशे, १० ऑक्टोबर

गेर्व्हे,

मंगळवारी व्हेझूलला दफ्तरखान्यात गेले होते. १८३४ च्या मोजणीचा नकाशा पाहिला. छान आहे. रंग चांगले टिकलेत. फारसा नीट पाहता आला नाही, चष्म्याचं काहीतरी झालं होतं.

एक सर्वसाधारण प्रश्न, सहज म्हणून. आजोबा सांगायचे तो पूर, ज्याने ओढ्याचं पात्र हललं, तो १८८२ चाच ना? आणि ओढा हलला तो फक्त आपल्या परसापाशी ना? तुझ्या चक्कीपाशी तर दगडी भिंतीच आहेत, तिथं तो हलणार कुठं. आणि आपल्या घराचं स्वयंपाकघर वाढवून ओढ्याच्या बाजूला नेलं ते १९२१ साली? का त्याआधी?

घाईचं नाही. तरी लवकर कळव.

काल मी स्वयंपाकघरात फीत घेऊन गुडघ्यांवर रांगत असताना नादेज दारात आली. म्हणाली, “मादाम, काय हरवलं?” मी म्हटलं, कानातलं. मी कानात काही घालत नाही हे तिला पंधरा वर्षं दिसतंय.

मॉ.

*

ब्रेवांशे, १४ ऑक्टोबर

गेर्व्हे,

उत्तराची वाट बघत बसले तर माझं डोकं फुटेल. सांगूनच टाकते, आणि मग तू हसून घे. हसताना खिडकी लाव, आवाज ओढ्यावरून चांगला येतो.

नकाशावर सीमा ओढ्याच्या मधोमध आखली आहे. पण १८३४ च्या ओढ्याच्या. पुढे पुराने ओढा आपल्या परसापाशी पंधरा मीटर कुर्शालकडे सरकला. त्याच्याबरोबर सीमाही सरकली असं आपण सगळे धरून चाललो. दफ्तरखान्यातल्या बाईंना मी विचारलं, तर त्या माझ्याकडे दयेने पाहत म्हणाल्या, “मादाम, ओढा कुठंही जाईल. रेषा जात नाही.” मग जुन्या कोरड्या पात्रावर आजोबांनी स्वयंपाकघर बांधलं आणि चूल नेऊन थेट पलीकडच्या भिंतीला लावली.

म्हणजे रेषा माझ्या स्वयंपाकघरातून जाते. तीनदा मोजलं. टेबल ब्रेवांशेत आहे. चूल कुर्शालमध्ये आहे, दोन मीटर चाळीस. रेषा जाते ती बरोबर आईच्या खुर्चीखालून.

तुझी तीन मीटर होती.

गेर्व्हे, मी चाळीस हिवाळे दुसऱ्या गावच्या चुलीत ब्रेवांशेचा ओक जाळला. आणि ज्या वर्षी तुझं नाव यादीतून खोडलं, त्या वर्षीही मी टोपातून चिठ्ठी उचलली, घरी आले आणि त्याच चुलीवर बटाटे उकडले. तुझी चिठ्ठी आठवते मला. सतरा नंबर. रस्त्याकडेचे ओक, सगळ्यांत चांगला वाटा. तू ती उचलली होतीस, उघडली होतीस, हसला होतास. मी सगळ्या गावासमोर तुझ्या बोटांतून ती काढून घेतली आणि म्हटलं, “चूल जिथं, लाकूड तिथं.” लोक हसले. मला तेव्हा वाटलं, मी फार न्यायाने वागले.

आता ठरवायचं ते मला ठरवायचं आहे. हे कुणाला माहीत नाही. दफ्तरखान्यातल्या बाईंना आपलं घर ठाऊक नाही. राऊलला नकाशा उलटा धरला तरी कळत नाही. फलकावर “सीमा: पूर्वेस ओढा” एवढं लिहिलं की काम झालं. निवडणूक दीड वर्षावर आली आहे. तेवीस वर्षं मी या गावाची सरपंच आहे, दर शेंगेत किती दाणे ते मोजून वाटणारी बाई म्हणून माझं नाव आहे, आणि माझीच शेंग शेजारच्या शेतातली निघाली!

मी काही सांगणार नाही, असं आज तरी ठरवलंय. हे पत्र वाचून झालं की जाळ. तुझ्या पॉप्लरपेक्षा बरं पेटेल.

मॉरिसेत

*

ब्रेवांशे, २३ ऑक्टोबर

गेर्व्हे,

काल पुन्हा व्हेझूलला गेले. खरं सांगते, नकाशा चुकीचा निघावा म्हणून गेले होते. कुणी दुसरी प्रत असेल, कुणा मोजणीदाराचा हात हलला असेल. बाईंनी नकाशा आणला आणि त्याच्या गुंडाळीला लावलेला कागद माझ्यापुढे ठेवला. नकाशा कुणी कधी पाहिला त्याच्या सह्या असतात त्यावर. मागच्या खेपेला तो बाईंनी स्वतःच भरला होता. काल म्हणाल्या, “या वेळी तुम्हीच करा सही.”

माझ्या नावाच्या वर एकच नाव होतं. गेर्व्हे ग्रोपेरां. २१ नोव्हेंबर २००६.

वाटे पडले तो रविवार एकोणीस तारखेचा. म्हणजे दुसरा दिवस तू कसाबसा काढलास आणि मंगळवारी व्हेझूल गाठलंस. ग्रोपेरांच्या घरात हट्ट सगळ्यांना सारखा वाटून आलाय, त्यात चिठ्ठ्या नाहीत. तुझी चूल आपल्या गावात निघते का ते बघायला गेला होतास ना? ती निघाली नाही. पण त्याच कागदावर, चार बोटांवर, तुला माझी चूल दिसली.

आधी मला भयंकर राग आला. बाईंच्या समोर मी मोठ्याने म्हणाले, “गाढवा!” त्यांना वाटलं त्यांनाच म्हटलं. समजूत काढता काढता मला रडू आलं. त्या बिचाऱ्या पाणी आणायला धावल्या आणि आधी नकाशा उचलून नेला, ओला होऊ नये म्हणून.

गाढवा, तुला माहीत होतं. अठरा वर्षं! २००८ ची निवडणूक मी चार मतांनी जिंकले. तू त्या कागदाची एक नक्कल हौदाच्या भिंतीला चिकटवली असतीस तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी तुझ्याबद्दल काय काय बोलत होते, नादेजने तुला सांगितलं असणारच. तू मात्र ओढ्यापलीकडे ओलं पॉप्लर फुंकत गप्प बसलास. आईच्या अंत्यविधीला मी मुद्दाम तुझ्यापासून दूर, दुसऱ्या बाकावर बसले. तेव्हाही तुला माहीत होतं.

का बोलला नाहीस? एवढंच सांग. पेन्सिलीने सांगितलंस तरी चालेल.

तुझी बहीण

*

ब्रेवांशे, २४ नोव्हेंबर, रविवार

प्रिय गेर्व्हे,

वही पोचली. ‘सापडत नाही’ म्हणणाऱ्या माणसाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून पाठवली. नादेजने नियम मोडून सरळ तुझ्या दारातून माझ्या दारात आणली, एकशे दहा किलोमीटर न फिरवता. वर म्हणाली, “मी काही पाहिलं नाही.” तिने सगळं पाहिलंय, तुझ्या चिठ्ठीसकट. नसती पाहिली तर डोळे कशाला पुसत होती?

तुझी चिठ्ठी मी आजोबांच्या वहीतच ठेवली आहे. “आई त्या चुलीपाशी बसायची. तिचे गुडघे. तुझं लाकूड बंद झालं असतं तर तिला थंडी वाजली असती. नंतर सांगायचं राहून गेलं.”

राहून गेलं म्हणे! आई जाऊन तेरा वर्षं झाली. पण तुझा स्वभावच तसा. लहानपणी तुझं बोट दारात सापडलं होतं तेव्हाही जेवण झाल्यावर सांगितलंस.

आता इकडचं ऐक. सहा तारखेला मी पंचायतीत उभी राहिले आणि नकाशाची नक्कल टेबलावर पसरून सगळं सांगितलं. रेषा, चूल, दोन मीटर चाळीस, चाळीस हिवाळे. राजीनामाही लिहून नेला होता. मग राऊल जागे झाले. नकाशा बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, “म्हणजे तेवीस वर्षं आमची सरपंच स्वयंपाक कुर्शालला करते आणि जेवायला ब्रेवांशेत येते?” त्यावर जो हशा पिकला तो तुझ्या चक्कीपर्यंत आला असेल. मला वाटलं होतं मी लाजेने मरेन. मेले नाही. उलट अठरा वर्षांपूर्वी ते तुला हसले होते तेव्हा कसं वाटलं असेल ते कळलं, आणि ते कळल्यावर लाजेला जागाच उरली नाही.

राजीनामा सहा विरुद्ध शून्य मतांनी नामंजूर झाला. (राऊल पुन्हा झोपले होते.) त्यांचं म्हणणं, फलकाचं काम अर्धवट टाकून कुठं जाता? यात माझ्यावरचं प्रेम किती आणि दुसऱ्या कुणाला कचेरीत बसायचा कंटाळा किती, ते मी विचारलं नाही.

लाकूडवाट्याची यादी मी वाचली. ‘ग्रोपेरां, मॉरिसेत’ आलं तिथं थांबले आणि स्वतःच्या हाताने खोडलं. पेन तेच होतं की नाही आठवत नाही, पण हात तोच. मग सगळ्यांसमोर म्हटलं, “२००६ साली मी नियम बरोबर लावला, पण माणूस चुकीचा पाहून लावला. आधी माझ्या घरी लावायला हवा होता. आणि लावायचाच होता तर भावाच्या हातातून चिठ्ठी हिसकावून घ्यायला नको होती.” हे इतिवृत्तात लिहिलं आहे. पुढे कुणी गावाचा इतिहास लिहिला तर त्याला घोड्याच्या नालेपेक्षा बरं काहीतरी सापडेल.

आज सकाळी हौदापाशी फलक उघडला आणि लगेच टोपातून चिठ्ठ्या निघाल्या. पहिल्यांदाच मी नुसती बघत उभी होते. सतरा नंबर राऊलला आला. त्यांना अजून कळलेलं नाही, घरी गेल्यावर घरचे सांगतील. फलकावर सीमा, उंची, स्वीडिश सैन्य, सगळं आहे. शेवटी आजोबांच्या वहीतली ओळ घातली: “आमच्या गावाची पूर्वसीमा ओढा होय, परंतु ओढ्याचा भरवसा धरू नये.” म्हातारा सगळं ओळखून होता, आणि तरी चूल तिथंच बांधली. मास्तर असून!

तुमच्या कुर्शालचे वाटे पुढच्या आठवड्यात पडतात असं कळलं. तुमच्याकडे वाटे देखरेखीखाली तोडून घेणारे तीन जामीनदार असतात आणि त्यांतला एक तू आहेस, हेही कळलं. म्हणून सोबत अर्ज जोडत आहे. सगळं रीतसर असलेलं बरं.

*

प्रति,
लाकूडवाट्याचे जामीनदार, कुर्शाल

महोदय,

मी, खाली सही करणारी, मॉरिसेत ग्रोपेरां, वय एकाहत्तर, राहणार ब्रेवांशे, कळवते की १८३४ च्या मोजणीच्या नकाशाप्रमाणे माझी चूल आपल्या गावात असल्याचे आढळून आले आहे. ती खरी चूल आहे, रोज पेटते, तीवर स्वयंपाक होतो. तरी माझे नाव आपल्या यादीत घालावे. पॉप्लर मिळाला तरी तक्रार नाही. मोठ्याने तरी नाही.

चूल खरी आहे की नाही हे जामीनदाराने जातीने येऊन पाहावे असा नियम आहे. नसल्यास करावा. पाहणीसाठी येता रविवार, दुपारी बारा ही वेळ सोयीची आहे. चुलीवर मसूर आणि धुरावलेलं सॉसेज असेल, म्हणजे आपल्या हद्दीत. ताटं टेबलावर, म्हणजे आमच्या हद्दीत.

आईची खुर्ची मधे आहे, रेषेवर. ती कोणत्याच गावात येत नाही. तेरा वर्षं तिच्यावर कुणाला बसू दिलेलं नाही.

तू तिथं बस.

मॉरिसेत